श्रेणी : मध्यम

“काकू, सोपंय ते. फक्त खाली बघू नका.”

मुलगी माझ्या मागेच उभी होती. वीस-बावीस वर्षांची असेल. आवाजात वैताग नव्हता, मागची रांग खोळंबल्याची कुरकुर नव्हती. चांगली माया होती. जागा हरिश्चंद्रगडाच्या खिरेश्वर वाटेवरची, तोलार खिंडीतून वर निघालं की लागणारा रेलिंगचा कातळ. साल २०२१, दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले होते. माझा उजवा पाय एका खोबणीत होता, डावा कुठे ठेवायचा ते सुचत नव्हतं, आणि दोन्ही हातांनी मी लोखंडी पाइप असा काही आवळला होता की पुढे दोन दिवस तळव्यांना गंजाचा वास येत राहिला. खाली खिरेश्वरचं रान, त्यापलीकडे पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी सकाळच्या उन्हात पत्र्यासारखं चकाकत होतं. सुंदरच होतं. त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून मी नाकासमोरच्या कातळाकडे बघत होते. त्यावर वाळलेल्या शेवाळाचा पोपडा धरला होता आणि त्यावरून एक मुंगी अगदी निवांत वर चालली होती.

आधी वाटलं, मला ‘काकू’ झोंबलं. झोंबलंच, खोटं कशाला सांगू! पंचवीस वर्षं डोंगरात हिंडताना मी सगळ्यांची ताई होते. कोविडच्या दीड वर्षाच्या घरकोंडीत कुणीतरी परस्पर बढती देऊन टाकली. पण तो सल परतीच्या बसमध्ये मुरबाड येईपर्यंत विरला. ‘सोपंय’ मात्र विरेना. आठवडाभर डोंबिवलीच्या जिन्यावर, बँकेच्या काउंटरवर, कणीक मळताना, ते मध्येच कानात वाजायचं. आणि दर वेळी त्यातला आवाज त्या मुलीचा कमी आणि माझाच जास्त वाटायला लागला.

कारण त्या वाटेला अवघडपणाची ‘मध्यम’ ही श्रेणी मीच दिली होती.

ट्रेकचा निरोप व्हॉट्सॲपवर आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, ‘हरिश्चंद्रगड, खिरेश्वरमार्गे. श्रेणी : मध्यम. दोन डोस पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश.’ हा ‘मध्यम’ आमच्या ट्रेकच्या मंडळाच्या जुन्या वेळापत्रकातून जसाच्या तसा उचललेला होता. दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे, आम्ही सात-आठ जण कुणाच्या तरी गॅलरीत बसून वर्षाचं वेळापत्रक ठरवायचो. तारीख, ठिकाण, डोंगररांग, श्रेणी, नेता, असे रकाने. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. बाकी सगळ्या रकान्यांवर तासतासभर वाद चालायचे, श्रेणी मात्र बटाटेवड्याच्या दोन घासांत ठरायची. “रतनगड?” “सोपी.” “अरे, शिड्या आहेत.” “बरं, मध्यम.” “अलंग-मदन-कुलंग?” “ते काय विचारायचं, कठीण.” श्रेणी ठरवायला बसलेले सगळे जण सगळीकडे चढू शकणारे होते, हे त्या वेळी आमच्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं. पोहता येणाऱ्यांनी विहीर किती खोल ते सांगावं, तसं ते होतं.

शिवाय आतली एक गोष्ट सांगते. ‘कठीण’ लिहिलं की दहा-बारा पोरं नाव नोंदवायची आणि बसचं भाडं अंगावर यायचं. ‘सोपी’ लिहिलं की साठ जण, त्यांतले वीस जण स्पीकर घेऊन, चार जण नवी चप्पल घालून. बस नीट भरायची तर ‘मध्यम’. त्यामुळे आमच्या वेळापत्रकात अर्धा सह्याद्री मध्यम होता. पेबपासून राजगड-तोरण्यापर्यंत सगळ्यांना आम्ही एकाच रंगाचा सदरा शिवून ठेवला होता. भर आषाढात धबधब्याखालून जाणारी वाट आणि तीच वाट जानेवारीत, कारवी वाळलेली, पायाखाली घसारा. दोन्हींसमोर तोच शब्द.

आमच्यातला एक इंजिनीअर या ढिसाळपणावर चिडायचा. त्यानं कुठूनसा नेस्मिथचा आडाखा आणला. १८९२ साली या स्कॉटिश गृहस्थानं मांडलेला हिशेब साधा आहे : सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि वर चढाच्या दर २००० फुटांना आणखी एक तास. आम्ही तो राजगड ते तोरणा लावून पाहिला आणि सपशेल तोंडावर आपटलो. नेस्मिथसाहेबांना करवंदीच्या जाळ्या ठाऊक नव्हत्या, मेमधलं ऊन ठाऊक नव्हतं, आणि पाठीवर बटाट्याची गोणी घेऊन चालणारा आमचा कोषाध्यक्ष तर अजिबातच ठाऊक नव्हता. त्यापेक्षा पायथ्याच्या गावातलं माप भरवशाचं. तिथे वाट कशी आहे असं विचारायचं नसतं. ‘गुरं जातात का?’ असं विचारायचं. गुरं जातात म्हणजे डोळे मिटून जावं. ‘गुरं नाही, पण बाया जात्यात’ म्हणजे बाया डोक्यावर मोळी घेऊन जातात आणि आपण चारी हात-पाय टेकून जायचं. ‘वाट हाय, पण आता कोणी जात न्हाई’ असं उत्तर आलं की मुकाट्यानं दुसरा किल्ला शोधायचा. अंतर मात्र गावकऱ्याला कधी विचारू नये. ते कायम ‘हे काय, आलंच’ असतं.

तर हा ‘मध्यम’ शब्द मला एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्यांदा भेटला, तो एका वेगळ्याच कागदावर.

बँक चालू होती, त्यामुळे मी रोज जात होते. एका बुधवारी अंग कसकसलं, शुक्रवारी चहाला वास येईना, आणि सोमवारी बोटाला लावलेल्या त्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा ९१ आला. त्या दिवसांत नाव-गाव विचारायच्या आधी लोक विचारायचे, “स्कोअर किती?” दहावीचा निकाल विचारावा तसं. छातीच्या स्कॅनचे गुण पंचवीसपैकी. आठपर्यंत सौम्य, नऊ ते पंधरा मध्यम, त्याच्या वर तीव्र. मला ११ मिळाले. कागदावर मोठ्या अक्षरांत ‘मॉडरेट’ छापलं होतं, आणि तापानं डोळे जळत असतानाही मला हसू आलं. म्हटलं, इथेही कुणाच्या तरी गॅलरीत बसून ठरवलेलं दिसतंय.

नऊ दिवस वॉर्डात होते. पालथं झोपायला सांगायचे. पालथं झोपलं की खाटेच्या कडेपलीकडची फरशी तेवढी दिसायची, निळ्या प्लास्टिकमधले पाय यायचे, जायचे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा स्कोअर सात होता, सौम्य. माझ्याहून चार कमी म्हणून मला त्यांचा चक्क हेवा वाटायचा. त्या आपल्या नातवासाठी मोबाइलवर गोष्टी बोलून ठेवायच्या, दोन वाक्यं झाली की थांबायच्या, पुन्हा दोन वाक्यं. एका रात्री त्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. पुढचं मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर ‘सहा मिनिटं चाला आणि ऑक्सिजन मोजा’ हा माझा ट्रेक होता. गॅलरीतून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत सोळा पावलं. ओट्याला हात लावायचा, फिरायचं, गॅलरीच्या ग्रिलला हात लावायचा, फिरायचं. नवरा घड्याळ घेऊन सोफ्यावर बसायचा. पहिल्या आठवड्यात सहा मिनिटं पुरी झाली नाहीत. गॅलरीतून दूरवर मलंगगडाची ती दातेरी रेघ दिसते. इतकी वर्षं तिच्याकडे बघून मी चहा प्यायले, त्या महिन्यात मात्र गॅलरीकडे तोंड असताना मी मान खाली घालून चालत होते. त्याला रुसवा म्हणावं की लाज, मला अजून ठरवता येत नाही.

मग सगळं हळूहळू उघडायला लागलं. १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल सुरू झाली. मी पहिल्या दिवशी डोंबिवली ते ठाणे गेले आणि काहीच काम नसताना परत आले. खिडकीतून मुंब्र्याचा डोंगर हिरवाकंच दिसला आणि मी मास्कच्या आत नाक पुसलं. सप्टेंबरपासून सोसायटीचे जिने सुरू केले, चार मजले, आधी एकदा, मग तीनदा, मग सहादा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी शेवटी दार उघडून विचारलं, “काही हरवलंय का?”

नोव्हेंबरचे ट्रेक जाहीर झाले तेव्हा माझ्यासमोर तीन पर्याय होते. लोहगड, सोपी. हरिश्चंद्रगड, मध्यम. अलंग-मदन-कुलंग, कठीण. लोहगडावर मी एका हातात मुलाचा हात आणि दुसऱ्या हातात त्याचा डबा घेऊन गेलेली बाई. तिथे परत श्रीगणेशा करायचा? आणि कठीण तर आता शक्यच नव्हतं. मध्यम म्हणजे कसं, आपलंच. माझ्या मनात हेही येऊन गेलं की ज्यातून बाहेर आले तेही मध्यमच होतं की! मूर्खपणा होता, पण त्या रात्री तो मला अगदी हिशेबशुद्ध वाटला. मी नाव नोंदवलं, बुटांवरची बुरशी पुसली आणि सॅकच्या तळातून मार्च २०२० मध्ये राहून गेलेलं राजगिरा चिक्कीचं पाकीट काढून फेकून दिलं.

प्रवास सुरू झाला खरा, पण नेमका एसटीचा संप. एरवी आम्ही कल्याणहून रात्रीची एसटी धरून माळशेज चढायचो, खुबी फाट्याला उतरायचो आणि धरणाच्या भिंतीवरून अंधारात खिरेश्वरपर्यंत चालत जायचो. एका बाजूला पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, दुसऱ्या बाजूला झोपलेली शेतं, आणि रांगेत कुणीतरी हमखास भुताची गोष्ट काढायचं. या वेळी खासगी बस केली होती. ती आम्हाला पहाटे थेट गावात घेऊन गेली, आणि माझी अर्धी यात्रा बुडाली. गाडीत सॅनिटायझरचा आणि ओल्या स्वेटरांचा मिळून एक नवाच वास होता. अठरा-वीस जणांत ओळखीचे चार. बाकीची पोरं टाळेबंदीत मोबाइलवर कोकणकडा बघून डोंगराकडे वळलेली. बूट इतके कोरे की फरशीवर चुंई करायचे.

खिंडीपर्यंत मी छान गेले. रानातली वाट, दव, पानांचा कुजका गोडसर वास, कुठेतरी तांबट ठोकत होता. खिंडीतल्या व्याघ्रशिल्पाला नेहमीप्रमाणे हात लावला. आणि मग कातळ.

दम लागला होता, पण दमाचं कारण पुढे करून मला सुटता येणार नाही. आमच्यात एक शब्द आहे, ‘दृष्टीभय’. पाय ठेवायला जागा असते, हाताला आधार असतो, फक्त पोकळी दिसते आणि मग पाय ऐकत नाहीत. हा शब्द मी इतरांच्या बाबतीत शेकडो वेळा वापरला होता, ‘त्याला जरा दृष्टीभय आहे, मध्ये घ्या.’ तो कुठे बसतो हे त्या दिवशी कळलं. माझ्या बाबतीत गुडघ्याच्या मागच्या खळगीत. तिथे काहीतरी लिबलिबीत झालं आणि डावा पाय शिवणयंत्राच्या सुईसारखा हलायला लागला. मागे रांग. पुढे गेलेले वरून डोकावणारे. आणि तेव्हा ते वाक्य आलं, “काकू, सोपंय ते.”

मी म्हटलं, “बाळा, मला खाली जायचंय.”

एवढं बोलायला मला बराच वेळ लागला असावा, कारण ती एकदम गंभीर झाली. मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. ती दोन पावलं खाली उतरली, रेलिंगला कोपर अडकवलं, आणि माझा डावा बूट हातात धरून खोबणीत नेऊन ठेवला. मग उजवा. मग पुन्हा डावा. माझ्या बुटांना खालच्या वाटेवरचं शेण लागलं होतं. ते तिच्या कोऱ्या जॅकेटच्या बाहीला लागलं, आणि तिनं ते पाहिलंही, पण काही बोलली नाही. आमचा नेता वरून ओरडत होता, “ताई, थांबा, मी येतो!” त्याला मीच पहिल्यांदा नाणेघाटात आणलं होतं, तेव्हा तो नववीत होता.

सगळे वर गेले. मी खिंडीत थांबले.

खिंडीत एक आजी ताक आणि काकड्या घेऊन बसल्या होत्या. ताक वीस रुपये. दोन वर्षांपूर्वी दहा होतं असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, “दोन वरीस तुमी आला कुठं?” यावर काय बोलणार! मग त्यांनीच सांगितलं, पहिल्या साली गावच्या वाटेवर त्यांनी काट्याच्या फांद्या टाकल्या होत्या, मुंबईचं कुणी येऊ नये म्हणून. “पोराची पोरं बी कल्याणास्नं आली तर चार दिस शाळंत ठिवली.” दुसऱ्या साली काटे काढले तर कुणी आलंच नाही. त्यांच्या बोलण्यात ना राग होता ना स्वागत. काकडी चिरत हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी मोबाइल काढला तर म्हणाल्या, “त्ये न्हाई चालत. रेंज न्हाई. सुटं द्या.” मी विचारलं, तुम्ही वर जाता का? “आदी जायची. आता गुडघा. वर माझा ल्योक बसतो.” एवढंच. तुम्ही का नाही गेलात, हे त्यांनी मला दिवसभरात एकदाही विचारलं नाही. खिंडीत बसलेल्या माणसाला रोज कुणी ना कुणी थांबलेलं दिसत असणार.

सात तास बसले तिथे. ऊन खिंडीच्या एका भिंतीवरून उतरून दुसऱ्या भिंतीवर चढलं. कोथळ्याच्या बाजूनं वारा यायचा, थांबायचा. आणि त्या बसण्यात मला अक्का आठवल्या.

अक्का म्हणजे माझी नणंद, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. १९९९ च्या जानेवारीत मी त्यांना रतनगडाला नेलं होतं. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ बघून खूश झाल्या, रानातून गाणी म्हणत चालल्या. मग शिड्या आल्या. “सोपं आहे हो अक्का, शिडीच तर आहे.” मी आधी वर गेले, वरून वाकून सांगितलं. त्या अर्ध्यात थांबल्या. साडीऐवजी पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी कमरेला बांधलेली. शिडीला गाल टेकवून त्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे वरून, खालून, चला अक्का, शाब्बास अक्का, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या वर आल्या. पिठलं-भाकरी खाल्ली. नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, मात्र आल्या नाहीत, बसते इथेच म्हणाल्या. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं, “छान होतं हो.” आणि त्यानंतर कुठल्याही डोंगरावर आल्या नाहीत.

मी तो प्रसंग वीस वर्षं लग्नाकार्यांतून सांगत आले. शिडीला गाल लावून दाखवायचे. माणसं लोटपोट व्हायची, अक्काही हसायच्या. त्यांच्या हसण्यात मी कधी नीट बघितलं नाही. त्या दिवशी तोलार खिंडीत, गंजाचा वास येणारे हात मांडीवर ठेवून बसले असताना, मला तो गाल आठवला. लोखंड किती गार असेल जानेवारीत!

याच अक्कांना कोविड माझ्याआधी होऊन गेला होता, पहिल्या लाटेत, पुण्यात. मी वॉर्डातून घरी आले तेव्हा त्यांनी रात्री फोन केला. माझ्या हातात ते फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन बॉलचं खेळणं होतं, फुंकायचं नसतं, श्वासानं आत ओढायचं असतं ते. तीन नळकांड्या, त्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे. डॉक्टर म्हणाले होते, “अगदी सोपं आहे, दिवसातून चारदा करा.” फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती, “इट्स सो ईझी.” नवरा म्हणाला होता, “तू कळसूबाई चढणारी बाई, तुला काय त्याचं.” आणि मी ओढत होते आणि एकही बॉल हलत नव्हता.

अक्का म्हणाल्या, “ऐक. पहिल्या दिवशी एकही हलत नाही. हलत नाही म्हणून रडू येतं. रडल्यावर नाक चोंदतं आणि मग आणखीच नाही हलत, म्हणून आधी नाक शिंकरून घे. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिला नुसता थरथरेल. तो गेला असं धरू नकोस, पण लिहून ठेव. दुसरा जेवणाआधी जमतो, जेवल्यावर नाही. खोकला येतो, तो येऊ दे. आणि तिसऱ्याचं मला विचारू नकोस, माझा अजून गेला नाही.”

सात महिने झाले होते त्यांना तेव्हा. माझा पहिला बॉल पाचव्या दिवशी संध्याकाळी थरथरला. मी वेळ लिहून ठेवली, सहा वाजून दहा मिनिटं.

चारच्या सुमारास पोरं उतरली. धुळीनं माखलेली, आनंदानं बेभान. ती मुलगी सरळ माझ्याकडे आली आणि शेजारी फतकल मारून फोटो दाखवायला लागली. कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली बघणारी ती. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यात उभी, दात वाजतायत हे फोटोतही कळावं असा चेहरा. त्या पिंडीभोवतीच्या चार खांबांतला एकच शाबूत आहे, त्याला तिनं हात लावलेला. मी त्याच पाण्यात दर खेपेला किंचाळले आहे. “काकू, तुम्ही यायला हवं होतं. तो पॅच सोडला ना, तर पुढे काहीच नाही, एकदम सोपंय.” पुढे जंगलातून टेकड्यांमागून टेकड्या आहेत, प्रत्येक वेळी आलंच म्हणून वाटतं आणि आलेलं नसतं, हे मला पाठ होतं. मी तिला विचारलं, “टेकड्या किती लागल्या?” ती म्हणाली, “मोजल्या नाही हो.” तिच्या बाहीवरचं शेण वाळून पांढुरकं झालं होतं. मी पाणी घेऊन ते पुसायला लागले, तर तिला ते आठवतही नव्हतं.

जानेवारीत पुन्हा लाट आली, पुन्हा सगळं बंद-बंदसं झालं, आणि ओसरलं. फेब्रुवारीत नेत्याचा फोन आला, “ताई, या वेळी पाचनईकडून जाऊ. सोपी वाट.” मी म्हटलं, बघते. ही बातमी नवऱ्यानं पुण्याला पोचवली असणार, कारण त्याच रात्री अक्कांचा फोन. इकडचं तिकडचं झालं, भाचीच्या लग्नाचं झालं. मग म्हणाल्या, “हरिश्चंद्रगडाला जाणार म्हणे तू.”

“विचार आहे.”

“मी येऊ?”

मी ओट्याला टेकून उभी होते, तशीच राहिले. अक्का एकसष्ट वर्षांच्या होणार होत्या.

“सोपा आहे ना गं?”

शब्द अगदी जिभेवर आला होता. आमच्या वेळापत्रकात पाचनईपुढे माझ्याच अक्षरात तो लिहिलेला आहे.

“पाचनईपर्यंत गाडी जाते,” मी म्हटलं. “गावातून निघालं की सुरुवातीलाच चढ आहे. तिथे दम लागतो, बोलू नये. मग एक आडवी वाट लागते, डोक्यावर कडा पुढे आलेला, एका बाजूला ओढ्याची घळ. वाट रुंद आहे, रेलिंग आहे, पण घळ दिसते. पुढे ओढ्याच्या काठानं सावलीतून. मला पूर्वी अडीच तास लागायचे. आता चार धरा. उतरताना गुडघे बोलतात.”

“शिडी?”

“वाटेत एकही नाही.”

“बसायला जागा आहे?”

“आहे. ताकवाले असतात. सुटे पैसे लागतात.”

“आणि परत फिरावंसं वाटलं तर?”

“तर फिरायचं. मी खिरेश्वरहून फिरले की नोव्हेंबरमध्ये. सात तास खिंडीत बसून होते.”

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला.

“तिसरा बॉल गेला का हो तुमचा?” मी विचारलं.

“बाराशेचा? दसऱ्याला गेला. एकदाच.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बूट कसले घ्यायचे असतात गं?”